घराघरांतली भवानी

छत्रपती शिवाजी महाराजांची भवानी तलवार नेमकी कुठे आहे, हा महाराष्ट्रातला कधी न मिटणारा वाद. साताऱ्याच्या जलमंदिरात पूजेत आहे तीच खरी, असे एक पक्ष म्हणतो. ती साहेबाने विलायतेला नेली, असे दुसरा. १८७५-७६ साली प्रिन्स ऑफ वेल्स हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला तेव्हा कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजी महाराजांकडची एक तलवार नजराण्यात गेली. ती भवानी नव्हे, ‘जगदंबा’, असे अभ्यासक सांगतात. १९८० साली मुख्यमंत्री झालेल्या बॅरिस्टर अंतुल्यांनी भवानी परत आणण्याची घोषणा केली, वर्तमानपत्रांचे रकाने भरून वाहिले आणि तलवार होती तिथेच राहिली.

या गदारोळात एका भवानीकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. प्रजासत्ताक झालेल्या भारताने आपल्या सैनिकांसाठी जे पहिले मोहीम-पदक काढले, त्याच्या दर्शनी बाजूवर हीच तलवार आहे. म्यानाबाहेर काढलेली, टोक वर, भोवती तेजोवलय. पदकाचे नाव ‘जनरल सर्व्हिस मेडल १९४७’. मागल्या बाजूला उमललेले कमळ आणि कळ्या. फीत लाल, तिच्यावर हिरव्या पाच बारीक उभ्या रेघा. काश्मीर, कोरिया, नागा टेकड्या, गोवा, लडाख, नेफा (आजचा अरुणाचल प्रदेश) अशा ठिकाणी जो सैनिक कामावर होता त्याला हे पदक मिळाले, आणि पेन्शनीत येताना तो ते गावी घेऊन आला. भवानीच्या शोधात लंडनपर्यंत जाण्याची गरज नव्हती. पुणे, सातारा, कोल्हापूर, नगर, रत्नागिरी या जिल्ह्यांतल्या कित्येक घरांत ती काळ्या ट्रंकेच्या तळाशी, गणवेशाच्या घडीखाली पडून होती.

जुन्नर तालुक्यातल्या बेल्ह्याकडच्या वाचकाला तर ही गोष्ट जवळची वाटावी. शिवनेरीच्या पायथ्यापासून पूर्वेला तीस-पस्तीस किलोमीटरवर, आळेफाटा मागे टाकून कल्याण-नगर रस्त्याला हे गाव लागते. सोमवारचा बाजार आणि त्यातला बैलबाजार यासाठी ते चार तालुक्यांत माहीत. जुन्नर तालुक्याच्या पश्चिमेला नाणेघाटाकडे पाऊस कोसळतो. पूर्वेला बेल्ह्याच्या बाजूला येईपर्यंत त्याचा जोर ओसरलेला असतो. कुकडीच्या कालव्याचे पाणी येण्याआधी या पट्ट्यात बाजरीच्या भरवशावर घर चालवायचे म्हणजे एका भावाने शेत धरायचे आणि दुसऱ्याने मुंबईची गिरणी किंवा पलटण धरायची, ही देशावरच्या कोरडवाहू गावांची जुनी रीत. गिरणीत गेलेल्या माणसाची खूण घरात क्वचितच उरते. पलटणीत गेलेल्याची उरते, कारण सरकार त्याच्या नावाची मुद्रा धातूवर उठवून देते.

ही रीत आपल्याकडे कुठून आली, ते आधी पाहू.

शिवकाळात पदक नव्हते, पण बक्षिसाची व्यवस्था पक्की होती. अफजलखानाच्या वधानंतर महाराजांनी लोकांना काय काय दिले, हे सभासदाने आपल्या बखरीत लिहून ठेवले आहे. हत्ती, घोडे, वस्त्रे, सोन्याची कडी. आणि जखमी झालेल्यांना जखम पाहून पंचवीस, पन्नास, शंभर, दोनशे होनांपर्यंत रोख. लढाईत जो पडला त्याच्या घरच्यांना निम्मे वेतन चालू. यातला विचार अगदी व्यवहारी आहे. पराक्रम केला त्याला मान, अंगावर वार घेतला त्याला पैसा, मेला त्याच्या बायकोपोरांना पोट. मात्र जो नुसता हजर होता, ज्याने पहारा दिला, दाणावैरण वाहिली आणि धडधाकट परत आला, त्याला पगारापलीकडे वेगळी खूण नव्हती. अशा माणसाला खूण द्यायची कल्पना युरोपातून आली, आणि आपल्याकडे ती आली ती मराठ्यांशी लढताना.

हे जरा विचित्र वाटेल, पण खरे आहे. ईस्ट इंडिया कंपनीने काढलेले पहिले पदक ‘डेक्कन मेडल’ नावाने ओळखले जाते आणि ते १७७८ ते १७८४ या काळातल्या लढायांसाठी दिले गेले. पहिले इंग्रज-मराठा युद्ध याच काळात चालू होते. जानेवारी १७७९ मध्ये मुंबईहून बोरघाट चढून आलेली इंग्रजांची फौज मावळातल्या वडगावला कोंडली गेली आणि तिला शरण यावे लागले. त्याच सुमारास यमुनाकाठच्या काल्पीपासून निघालेली कंपनीची बंगालची एक फौज गॉडर्ड या सेनानीच्या हाताखाली सबंध मध्य हिंदुस्थान ओलांडत सुरतेला पोचली. गंगेच्या खोऱ्यातले हे शिपाई घरापासून शेकडो कोस दूर, परक्या मुलखात वर्षानुवर्षे लढले. युद्ध संपून ते परत गेल्यावर कंपनीने त्यांच्यासाठी पदक पाडले. ते फक्त हिंदी शिपायांसाठी आणि त्यांच्या हिंदी अधिकाऱ्यांसाठी होते. गोऱ्यांना मिळाले नाही. एका बाजूला ब्रिटानियाचे चित्र, दुसऱ्या बाजूला फारसी मजकूर, आणि घालायचे ते छातीवर नव्हे, गळ्यात, दोरीला ओवून. अधिकाऱ्यांसाठी सोन्याचेही काढले होते.

यात कंपनीची चलाखी होती. जमीन-वतन द्यायचे म्हणजे सत्तेचा तुकडा तोडून देणे. रोख द्यायची तर खजिना रिकामा. चांदीची एक चकती दिली की शिपाई खूष, गावात त्याची वट वाढते आणि पुढच्या वर्षी त्याच गावातून आणखी दहा जण भरतीला येतात. पदक हे सुरुवातीपासून भरतीचे साधन होते, ही गोष्ट नजरेआड करू नये.

मात्र कंपनी प्रत्येक वेळी इतकी तत्पर नव्हती. तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली, १७ नोव्हेंबरला पुणे पडले. दुसरा बाजीराव दक्षिणेकडे गेला, वळसा घेऊन जुन्नरच्या उत्तरेकडच्या डोंगरांपर्यंत आला आणि तिथून पुन्हा पुण्याच्या रोखाने खाली उतरला. त्या वाटेवर भीमेकाठी १ जानेवारी १८१८ ला कोरेगावची लढाई झाली. आज बेल्ह्याहून जेजुरीकडे जाणारा रस्ता शिक्रापूरवरून जातो. तिथून कोरेगाव अगदी जवळ. कोरेगावला कंपनीने दगडी स्तंभ उभारला, त्यावर मेलेल्यांची नावे कोरली. त्यांत ‘नाक’ या अंत्यपदाची, म्हणजे महार शिपायांची, नावे किती आहेत हे आता सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे.

पण जे जिवंत राहिले त्यांचे काय? त्यांना पदक मिळायला १८५१ साल उजाडले. त्या वर्षी ‘आर्मी ऑफ इंडिया मेडल’ जाहीर झाले. १८२६ पर्यंतच्या वेगवेगळ्या लढायांसाठी एकच पदक, आणि कोण कुठे लढला हे सांगण्यासाठी फितीवर धातूच्या पट्ट्या. खडकीची पट्टी, पुण्याची पट्टी, सीताबर्डीची, नागपूरची, महिदपूरची, कोरेगावची. अट अशी की पदक मागणारा हयात हवा आणि त्याने स्वतः मागणी करायला हवी. कोरेगावात विशीत असलेला शिपाई १८५१ मध्ये पन्नाशी उलटलेला. पेन्शनर म्हातारा कुठल्यातरी खेड्यात, इंग्रजी येत नाही, जाहीरनामा वाचणारे कुणी नाही. सगळ्या लढायांची मिळून जेमतेम साडेचार हजारांच्या आसपास पदके दिली गेली आणि कोरेगावच्या पट्ट्या तर शंभराच्याही आत. एवढ्या मोठ्या लढाईचे एवढेच साक्षीदार कागदावर उरले. पदक उशिरा दिले की ते निम्मे न दिल्यासारखेच असते. आजच्या संरक्षण खात्यानेही हे ऐकून ठेवावे, त्याचे कारण पुढे येईल.

फितीवरची ती पट्टी मात्र टिकली. पुढची सव्वाशे-दीडशे वर्षे पदकाची सगळी भाषा तिच्यावर उभी राहिली. पदक एकदाच मिळते; नव्या मोहिमेवर गेलात तर त्याच पदकाच्या फितीवर नवी पट्टी चढते. पदक सांगते की हा शिपाई होता, पट्टी सांगते कुठे होता, आणि चकतीच्या कडेवर कोरलेला मजकूर सांगतो कोण होता: क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण. या तीन गोष्टी एकत्र वाचल्या की शाळेत न गेलेल्या माणसाचेही चरित्र हाती लागते.

पहिल्या महायुद्धात पदकांचा पूर आला. मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, उतरल्या होत्या. तैग्रिस नदीकाठच्या कुत-अल-अमाराला तुर्कांनी डिसेंबर १९१५ मध्ये वेढा घातला. उपासमार झाली, घोडे कापून खायची वेळ आली आणि २९ एप्रिल १९१६ ला फौज शरण गेली. १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणींची माणसे त्या वेढ्यात होती. शरणागतीनंतरच्या कैदेत जे मेले त्यांची संख्या लढाईत पडलेल्यांहून कमी नसावी, इतके ते हाल वाईट होते. ही सगळी मोहीम म्हणजे ब्रिटिशांची नामुष्की. तरी त्यातल्या प्रत्येकाला युद्धपदके मिळाली. सेवापदक जय-पराजय विचारत नाही. हे सूत्र पुढे १९६२ साली आपल्यालाही लागू पडणार होते.

त्या युद्धाचे मुख्य पदक, ‘ब्रिटिश वॉर मेडल’, चांदीचे होते. पण सगळ्यांसाठी नाही. पखाली वाहणारा भिस्ती, स्वयंपाकी, झाडूवाला, मजूर दलातला हमाल यांच्यासाठी तेच पदक काशाचे काढले. चित्र तेच, राजा तोच, धातू हलका. कुतच्या वाळूत तहान सगळ्यांना सारखीच लागत होती. पण पाणी पिणाऱ्याला चांदी आणि पाणी आणून देणाऱ्याला कासे. जातीची उतरंड आम्हीच पाळतो, असा साहेब लोकांचा टोमणा असे. त्यांची स्वतःची उतरंड अशी टाकसाळीतून बाहेर पडत होती. आज गंमत अशी की काशाची ती पदके कमी निघाली म्हणून संग्राहकांच्या बाजारात त्यांना भाव आहे, आणि चांदीच्या पदकांतली कित्येक शिल्लकच नाहीत. चांदी म्हणजे अडीअडचणीचे धन. दुष्काळात, लग्नकार्यात, आजारपणात ती सोनाराकडे गेली. १९८० च्या सुरुवातीला जगभर चांदीचे भाव भडकले तेव्हा विलायतेतसुद्धा लोकांनी आजोबांची पदके वितळवली. आपल्याकडे तर त्यासाठी भाव भडकण्याची गरज नव्हती.

दुसऱ्या महायुद्धाची पदके वेगळ्या तऱ्हेची: सहा टोकांचे तारे. आफ्रिका स्टार, इटली स्टार, बर्मा स्टार. मराठा पलटणी एरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरावर लढल्या, इटलीत लढल्या, ब्रह्मदेशात लढल्या. इटलीत दोन मराठी जवानांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नाईक यशवंत घाडगे हे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या माणगावकडचे. १० जुलै १९४४ ला लढताना पडले. शिपाई नामदेव जाधव हे आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यातल्या निमजचे. एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीकाठी त्यांनी जखमी साथीदारांना पाठीवर घेऊन आणले, आणि ते जिवंत परत आले. व्हिक्टोरिया क्रॉस हे शौर्यपदक. त्याच दिवशी, त्याच नदीकाठी, त्याच तुकडीत जे होते त्यांच्या वाट्याला इटली स्टार आला. दोन्ही पदकांतला फरक इथे स्पष्ट होतो. शौर्यपदकाला साक्षीदार लागतो: कुणीतरी पाहिले पाहिजे, कुणीतरी लिहिले पाहिजे, वरच्याने शिफारस केली पाहिजे. ज्याने पाहिले तोही मेला, तर शौर्य बिनबोभाट जाते. सेवापदकाला फक्त हजेरीपट लागतो. त्यामुळे ते अधिक कोरडे असते, आणि माझ्या मते अधिक प्रामाणिकही.

मग स्वातंत्र्य आले, आणि पदकांच्या इतिहासातला एक मजेदार तुकडा घडला. १५ ऑगस्ट १९४७ ला सैन्यात असलेल्यांसाठी ‘इंडियन इंडिपेंडन्स मेडल’ काढण्यात आले. त्याची मंजुरी १९४८ सालची, आणि देणारा कोण, तर सहावा जॉर्ज; कारण प्रजासत्ताक होईपर्यंत कायद्याने राजा तोच होता. फीत केशरी, पांढरी, हिरवी. एका बाजूला अशोकाचा सिंहस्तंभ. दुसऱ्या बाजूला अशोकचक्र, आणि त्या चक्राच्या डोक्यावर इंग्लंडचा मुकुट, भोवती लॅटिनमध्ये राजाची बिरुदे. स्वातंत्र्याचे पदक राजाच्या मुकुटाखाली! हे पदक कुणाच्या संग्रही असेल तर त्यांनी ते मुलांना जरूर दाखवावे. सत्तांतराचा धडा त्याच्याइतक्या थोडक्यात कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही.

मुकुट काढून त्या जागी काय ठेवायचे, हा प्रश्न २६ जानेवारी १९५० च्या आधीच लष्करापुढे होता. नव्या पदकांची जबाबदारी मेजर जनरल हिरालाल अटल यांच्यावर होती. त्यांनी हे काम एका लष्करी अधिकाऱ्याच्या पत्नीकडे सोपवले. सावित्रीबाई खानोलकर त्यांचे नाव.

या बाईंची हकिकत कादंबरीत शोभावी अशी. जन्म २० जुलै १९१३, स्वित्झर्लंडमधल्या नूशातेलचा. मूळ नाव ईव्ह इव्हॉन. वडील हंगेरियन, जिनीव्हात प्राध्यापक आणि राष्ट्रसंघाच्या ग्रंथालयात, आई रशियन. विक्रम खानोलकर हे मराठी तरुण सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयात शिकत असताना सुटीत या मुलीची त्यांच्याशी ओळख झाली. घरच्यांचा विरोध होता. ती मागाहून हिंदुस्थानात आली आणि १९३२ मध्ये लखनौला दोघांचे लग्न झाले. ईव्हची सावित्री झाली. मग ती नुसती नावाने इथली राहिली नाही. मराठी, हिंदी, संस्कृत शिकली, पुराणे वाचली, पुढे महाराष्ट्रातल्या संतांवर इंग्रजीत पुस्तकही लिहिले. परमवीर चक्रावरची इंद्राची चार वज्रे तिचीच कल्पना. महावीर चक्र, वीरचक्र, अशोकचक्र यांच्या आकृत्याही तिच्या. आणि जनरल सर्व्हिस मेडलवरची भवानीही तिचीच.

परमवीर चक्रासाठी दधीचीच्या अस्थींपासून घडलेले वज्र, म्हणजे आत्मत्यागाची पुराणकथा. साध्या सेवापदकासाठी मात्र पुराण नव्हे, इतिहास. देवाचे शस्त्र नव्हे, माणसाचे. ही निवड कुणी मुद्दाम विचारपूर्वक केली असो वा नसो, ती चपखल बसली आहे. शिवाजी महाराजांचे सैन्य बहुतांशी शेतकऱ्यांचे, मावळ्यांचे होते. सेवापदक ज्यांच्या छातीवर जायचे तीही तीच माणसे. शिवाय एक हिशेब नकळत पुरा झाला. कंपनीचे पहिले पदक मराठ्यांविरुद्ध लढणाऱ्यांना. प्रजासत्ताकाच्या पहिल्या मोहीम-पदकावर मराठ्यांच्या राजाची तलवार. ती तमिळ जवानाच्या छातीवर गेली, शिखाच्या गेली, गुरख्याच्या गेली. भवानीला एवढा मुलूख पेशवाईच्या भरातही मिळाला नव्हता. आणि धातूही सगळ्यांना एकच: तांबे-निकेलचा मिश्रधातू. जनरलला चांदी नाही, शिपायाला कासे नाही.

या पदकाच्या पट्ट्या सात. पहिली ‘जम्मू आणि काश्मीर’. २७ ऑक्टोबर १९४७ ला आपले सैनिक विमानाने श्रीनगरला उतरले आणि १ जानेवारी १९४९ ला युद्धबंदी झाली, त्या काळातली. मराठा छत्रीधारी पलटण झांगडच्या लढाईत होती. ब्रिगेडियर उस्मान यांनी ते ठाणे मार्च १९४८ मध्ये परत घेतले आणि जुलैत तिथेच ते तोफगोळ्याने पडले. नौशेरा-राजौरी रस्त्यावर एप्रिलमध्ये सुरुंग आणि अडथळे काढत रणगाड्यांना वाट करून देणारे सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे हे खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचे. त्यांना परमवीर चक्र मिळाले. त्यांच्या बरोबरीने गोळ्यांच्या माऱ्यात जमिनीवर पालथे पडून सुरुंग उकरणाऱ्या सॅपर्सची नावे बाहेर फार थोड्यांना ठाऊक. त्यांच्याकडे लाल-हिरवी फीत आणि काश्मीरची पट्टी आहे, आणि तेवढा पुरावा पुरेसा आहे.

कोरियाची पट्टी दुर्मीळ, कारण तिथे आपण लढायला नव्हे तर जखमी बांधायला गेलो होतो. लेफ्टनंट कर्नल रंगराज यांच्या हाताखालच्या ६० व्या छत्रीधारी रुग्णवाहिका तुकडीने १९५० च्या कडाक्याच्या थंडीपासून तिथे काम केले. नागा टेकड्या आणि मिझो टेकड्या या पट्ट्यांविषयी घरचे पेन्शनर सहसा बोलत नाहीत. आपल्याच देशातल्या माणसांविरुद्धची ती कामगिरी, आणि तिच्या गोष्टी नातवंडांना सांगण्यासारख्या नसतात.

‘गोवा १९६१’ ही पट्टी महाराष्ट्राच्या जिव्हाळ्याची. डिसेंबर १९६१ मध्ये छत्तीस-चाळीस तासांत मोहीम आटोपली आणि साडेचारशे वर्षांची पोर्तुगीज सत्ता संपली. सगळ्यांत कमी दिवसांची ही कामगिरी, पण पदक तेवढेच. दिवसांच्या संख्येवर पदकाची किंमत ठरवायला गेले तर असा घोटाळा होतो.

आणि लगेच पुढच्या वर्षी ‘लडाख १९६२’ आणि ‘नेफा १९६२’. ईशान्य सीमेवर चीन आला तर कुठे हटायचे आणि कुठे उभे राहायचे, याचा आराखडा पूर्व विभागाचे सेनापती लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात यांनी आधीच दिल्लीला दिला होता. कोल्हापूरकडच्या या सेनानीचे म्हणणे बाजूला ठेवले गेले, आणि ते निवृत्त झाल्यावर वर्षा-दीड वर्षात सुती गणवेशातल्या, अपुऱ्या दारूगोळ्याच्या पलटणी हिमालयात मार खाऊन मागे आल्या. कृष्ण मेनन गेले, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले, सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला असे आपण अभिमानाने म्हटले. पण नेफाच्या जंगलातून पायी, उपाशी परत आलेल्या जवानाला गावात काय म्हणून दाखवायचे होते? हार झालेल्या लढाईची गोष्ट कुणी ऐकत नाही. त्याच्याकडे पट्टी होती. चूक दिल्लीची, पाय त्याचे, असे ती पट्टी सांगते. मला विचाराल तर या पदकाच्या सातही पट्ट्यांत नेफाची पट्टी सर्वांत मोलाची.

पुढे हे पदक थांबले आणि त्याची जागा ‘सामान्य सेवा मेडल १९६५’ ने घेतली. नावे हिंदी झाली, भवानी गेली. त्यानंतर पदकांचे पीक वाढतच गेले. १९६५ च्या युद्धासाठी समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल. १९७१ साठी पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार, संग्राम मेडल. सियाचिनचे वेगळे, उंच पहाडांतल्या नोकरीचे वेगळे, परदेशातल्या शांतिसेनेचे वेगळे. कारगिलसाठी ऑपरेशन विजय. नऊ, वीस, तीस वर्षांच्या नोकरीची तीन. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षे झाली, पन्नास झाली, पंचाहत्तर झाली, त्या प्रत्येक वेळी नोकरीत असलेल्या सगळ्यांना एकेक. आज वीस-बावीस वर्षे नोकरी केलेल्या हवालदाराची छाती भरून जाते. मानाला माझी हरकत नाही. पण वाढदिवसाची पदके मोहिमेच्या पदकांशेजारी तितक्याच आकाराची लटकू लागली की पाहणाऱ्याला कुठले कुठले ते कळेनासे होते. गावच्या सत्कारात मग सूत्रसंचालक सगळ्यांनाच शौर्यपदके म्हणून टाकतो. ज्याने सियाचिनला श्वास मोजत रात्री काढल्या त्याच्यावर यात अन्यायच होतो. ‘सेना मेडल’ आणि ‘सैन्य सेवा मेडल’ ही नावे सारखी वाटतात, पण पहिले शौर्यासाठी किंवा विशेष कामगिरीसाठी आणि दुसरे कठीण प्रदेशातल्या नोकरीसाठी आहे. पत्रिकेवर छापण्याआधी एवढे तरी विचारून घ्यावे. सेवापदकाला पैशाचा भत्ता नसतो, त्यामुळे चुकीचे छापले म्हणून कुणी तक्रार करत नाही.

आणि आता ते उशिराचे दुखणे. पदक जाहीर होते, फीत लावायची परवानगी मिळते, पण प्रत्यक्ष धातूची चकती हातात यायला कित्येक वर्षे लागतात, अशी जवानांची जुनी तक्रार आहे. संचलनाला पदके लावणे तर बंधनकारक. मग छावणीच्या बाजारातल्या दुकानातून नक्कल विकत घ्यायची. नकलेच्या कडेवर नाव नसते. कंपनीने कोरेगावच्या शिपायाला तेहतीस वर्षे थांबवले, ते परके सरकार होते. आपल्याने तसे करू नये.

नक्कल आणि अस्सल यांतला हा फरक घरच्यांनी ओळखला पाहिजे. पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोरबाजारात नाव कोरलेली पदके पितळी भांड्यांच्या ढिगात येतात. घर पाडताना, वाटणी होताना, ट्रंक भंगारात जाताना ती तिथवर पोचतात. भवानीच्या छापाचे पदक मिळालेले बहुतेक लोक आता हयात नाहीत. काश्मीरची पट्टी १९४८ ची, म्हणजे त्या वेळचा विशीतला तरुण आज शंभरीच्या घरात. नेफाचा जवानही ऐंशी पार केलेला. त्यांच्या आठवणी लिहून घेण्याची वेळ बहुतेक घरांत टळून गेली आहे. पदक मात्र अजून बोलू शकते.

म्हणून बेल्हे, राजुरी, आळे, ओतूर, मंचर, घोडेगाव, जिथे कुठे हे वाचले जाईल तिथल्या लोकांना एक विनंती आहे. घरात असे पदक असेल तर ते ब्रासोने घासू नका. झिजून कडेवरची अक्षरे जातात. भिंग घेऊन कडेवरचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण वहीत उतरवून घ्या. नावाचे स्पेलिंग वेडेवाकडे असेल, कारण पलटणीच्या कारकुनाने कानाला आले तसे ते लिहिले. म्हणून पदक दुसऱ्या कुणाचे असे समजू नका. फितीवर पट्टी असेल तर तिचा फोटो काढा. सैनिकाचे पेन्शनचे कागद, डिस्चार्ज बुक सापडले तर त्यासोबत ठेवा. मग तो क्रमांक घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा किंवा थेट पलटणीच्या अभिलेख कार्यालयाला पत्र टाका. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे कार्यालय बेळगावला आहे, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचे नाशिक रोडला, आणि बॉम्बे सॅपर्सचे आपल्या खडकीला.